मॉरिशसला जायचंय? आधी पासपोर्टची गोष्ट ऐका

इअरफोन लावा. एसटीत असाल तर खिडकी पकडा, वावरात असाल तर निंबाखाली बसा. आजचा भाग फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. न जाणाऱ्यांसाठी जरा जास्तच आहे.

आपल्या अंजनगाव सुर्जीतल्या पोरापोरींच्या गप्पा आता बदलल्या आहेत. आधी बेत गोव्याचे व्हायचे, तेही निम्मे ग्रुपवरच मरायचे. आता थायलंड, बाली, मॉरिशस अशी नावं येतात. निळं पाणी, पांढरी वाळू, आणि रीलवर गाणं. मग दोन दिवसांनी मेसेज येतो, "भाऊ, पासपोर्ट काढाले काय काय लागते?"

कागदांची यादी मी सांगणार आहे, या भागाच्या शेवटाकडं. पण यादी ऐकायच्या आधी एक प्रश्न विचारतो. माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला कागद दाखवावा लागतो, हे ठरवलं कोणी? आपल्या पणजोबांच्या आजोबाला लागत होता का असा कागद? आणि तो कागद माणसाला सोडण्यासाठी आला, का अडवण्यासाठी?

सुरुवात आपल्याच गावापासून करू.

३० डिसेंबर १८०३. शाळेच्या पुस्तकात 'सुर्जी-अंजनगावचा तह' एका ओळीत संपतो. आपण गावचं नाव आलं म्हणून खूश होतो आणि पान उलटतो. पण त्या वर्षी आपल्या भागात काय चाललं होतं ते बघा. सप्टेंबरात असईला मोठी लढाई झाली. २९ नोव्हेंबरला अडगावला, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यात, दुसरी झाली. १५ डिसेंबरला इंग्रजांनी गाविलगड घेतला. दोन दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावला तह केला. आणि वर्ष संपता संपता दौलतराव शिंद्यांच्या वतीनं विठ्ठल महादेव, मुनशी कमलनयन वगैरे मंडळी आपल्या गावी तहाला बसली. समोर होता आर्थर वेलस्ली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच हा माणूस.

तहात शिंद्यांचं काय काय गेलं, ते परीक्षेत विचारतात. गंगा-यमुनेच्या मधला मुलूख गेला, भडोच गेलं, अहमदनगरचा किल्ला गेला. पण त्याच तहात एक कलम आहे, ते कोणी विचारत नाही. ज्या युरोपीय किंवा अमेरिकी सरकारचं इंग्रजांशी युद्ध असेल, त्याच्या कुठल्याही प्रजाजनाला, मग तो फ्रेंच असो का आणखी कोणी, शिंद्यांनी चाकरीत ठेवायचं नाही. आणि इंग्रजांचा स्वतःचा प्रजाजन, गोरा असो वा हिंदी, त्यालाही कंपनीच्या परवानगीशिवाय ठेवायचं नाही.

थांबा, हे नीट ऐका. शिंद्यांच्या फौजेत फ्रेंच अधिकारी होते, त्यामुळे कंपनीला भीती होती, हे झालं कारण. पण कलमाचा अर्थ काय निघतो? एखादा माणूस कामाचा आहे का, प्रामाणिक आहे का, हा प्रश्नच उरला नाही. तो कोणत्या सरकारचा आहे एवढंच बघायचं, आणि त्यावरून तो कुठं राहील ते ठरवायचं. हा काही पासपोर्ट नव्हता. पण पासपोर्टच्या मागं जो विचार आहे, तो आपल्या शहानूर नदीच्या गावात १८०३ साली शाई लावून लिहिला गेला.

आता म्हणाल, त्याच्या आधी परवाने नव्हते का? होते ना. दस्तक, परवाना हे शब्द आपल्या जुन्या कागदांत जागोजागी सापडतात. समुद्रावर तर फारच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. तो नसला की जहाज पकडायचं. पुढं कान्होजी आंग्र्यांनी तोच डाव उलटवला आणि व्यापारी जहाजांनी आमचं दस्तक घ्यावं असा आग्रह धरला. पण हे परवाने मुख्यतः जहाजाचे, मालाचे. एकेका साध्या माणसाच्या नावाचा, त्याच्या चेहऱ्याचा कागद ही नंतरची गोष्ट आहे. आणि त्या गोष्टीसाठी आपल्याला त्याच बेटावर जावं लागतं, जिथं तुम्हाला सुट्टीला जायचं आहे.

चला मॉरिशसला.

१ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. त्याच्या थोडं आधी, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर तिथं उतरले होते. ते कलकत्त्याहून गेले होते. नंतर मद्रास आणि मुंबई बंदरातूनही माणसं जायला लागली. १९१० पर्यंत साडेचार लाखांवर लोक त्या एका बेटावर पोचले. त्यांना आपण गिरमिटिया म्हणतो. गिरमिट म्हणजे ॲग्रीमेंट, करार. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातली आणि पश्चिम महाराष्ट्रातली मराठी माणसं होती. त्यांचे वंशज आज तिथं आहेत, मराठी संस्था चालवतात, आणि गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते.

पोर्ट लुई बंदरात उतरलं की दगडी पायऱ्या चढून डेपोत जायचं. त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथं तुमचं नाव लिहिलं जायचं. लिहिणाऱ्या कारकुनाला मराठी येत नव्हतं, भोजपुरी येत नव्हतं, तमिळ येत नव्हतं. त्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. शिवाय एक नंबर. बापाचं किंवा आजोबाचं पहिलं नाव पुढं नातवाचं आडनाव झालं, अशी कितीतरी घराणी तिथं आहेत. म्हणजे स्पेलिंगचा घोळ आधार कार्डानं सुरू केलेला नाही, तो फार जुना आहे.

१८६० च्या दशकात या नोंदींना फोटो जोडायला सुरुवात झाली. साध्या मजुराचा, बाईचा, पोराचा समोरून काढलेला फोटो. तुम्ही पासपोर्टसाठी पांढऱ्या पडद्यासमोर 'हसू नका' म्हणून बसता ना, तसाच. फरक एवढाच की हा कागद परदेशी जायला नव्हता. १८६७ मध्ये तिथं कायदा आला. करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगणं सक्तीचं झालं. पास नसताना दुसऱ्या जिल्ह्यात सापडला की भटक्या म्हणून धरायचं. बेट केवढं, तर आपल्या अमरावती जिल्ह्याच्या अनेक पट लहान. तेवढ्या बेटावर, करार पूर्ण केलेला माणूस, कागदाशिवाय या गावातून त्या गावात जाऊ शकत नव्हता. आणि चारही बाजूंना तोच समुद्र, तीच पांढरी वाळू.

१८७१ मध्ये या लोकांनी गव्हर्नरकडं अर्ज केला. आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळ्याच्या व्यवस्थापकानं तो तयार करायला मदत केली. अर्जावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि खुणा होत्या. हा आकडा लक्षात ठेवा. मोबाईल नाही, ग्रुप नाही, आणि पासशिवाय हलायची सोय नाही, तरी ९,४०१. इंग्लंडच्या सरकारला चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमावं लागलं, आणि त्याचा अहवाल १८७५ मध्ये आला.

आता त्याच काळातलं दुसरं चित्र बघू, म्हणजे फरक कळेल. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीनं अमेरिकेला डॉक्टर व्हायला निघाल्या. जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. त्यांना अडवणारं जे होतं ते सगळं घरी आणि गल्लीत होतं. बाईमाणूस समुद्र ओलांडते म्हणजे काय, धर्म बुडाला, जात गेली, हे ऐकावं लागलं. पण अमेरिकेत पाय ठेवायला व्हिसा नावाची भानगड त्या काळी नव्हती. बोटीचं भाडं आणि तिथं कोणीतरी ओळखीचं असलं की भागत होतं.

म्हणजे एकाच काळात एका मराठी बाईला अर्धं जग ओलांडायला पासपोर्ट लागला नाही, आणि मॉरिशसच्या मळ्यातल्या मजुराला शेजारच्या जिल्ह्यात जायला फोटोचा पास लागत होता. कागद आधी कोणाच्या खिशात आला ते बघा. ज्याच्या हातांची मळ्याला गरज होती आणि ज्यानं पळून जाऊ नये असं मालकाला वाटत होतं, त्याच्या.

आपल्या वऱ्हाडापुरतं सांगायचं, तर इथला कापूस तेव्हा बिनापासपोर्ट मँचेस्टरला जात होता. त्या कापसासाठीच पुढं मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वे आली, आपली शकुंतला. गठाण परदेशात जायची, पिकवणारा दर्यापूरच्या पुढं जायचा नाही.

मग सगळ्यांच्या नशिबी पासपोर्ट आला कधी? पहिल्या महायुद्धात. १९१४ ला युद्ध पेटलं, प्रत्येक सरकारला हेरांची भीती वाटायला लागली. हिंदुस्थानात १९१५ चा डिफेन्स ऑफ इंडिया कायदा आला आणि देशाबाहेर जायला आणि आत यायला पासपोर्ट सक्तीचा झाला. युद्ध संपलं, सक्ती राहिली. १९२० मध्ये इंडियन पासपोर्ट ॲक्ट झाला. त्याच वर्षी पॅरिसला राष्ट्रसंघाची परिषद भरली आणि पासपोर्टची पुस्तिका कशी असावी ते ठरलं. पानं ३२. हे सगळं तात्पुरतं आहे, जग शांत झालं की पासपोर्ट जाईल, असं त्या परिषदेतल्या लोकांनाही वाटत होतं. शंभर वर्षं झाली त्याला.

या सक्तीच्या मागं जी भीती होती, तिचा एक चेहरा विदर्भातला आहे. पांडुरंग सदाशिव खानखोजे. १८८४ चा जन्म, वर्धा. टिळकांच्या विचारांनी भारावलेला पोरगा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देश सोडून जपानला गेला, तिथून अमेरिकेला. ऑरेगॉनमध्ये शेतीचं शिक्षण घेतलं आणि गदर चळवळीच्या पहिल्या फळीत उभा राहिला. महायुद्धात इराणच्या बाजूनं इंग्रजांशी लढायला गेला. इंग्रजांच्या राज्यात परत येणं शक्यच नव्हतं. शेवटी मेक्सिकोत स्थिरावला, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकारानं त्याला आपल्या भित्तिचित्रात जागा दिली.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. खानखोज्यांना वाटलं, आता घरी जाऊ. परवानगी मागितली, तर आधी नकार आला! राज्य आपलं, पण कागद मंजूर नाही. पुढं तो निर्णय फिरला, ते नागपूरला आले आणि जानेवारी १९६७ मध्ये वारले. ज्या देशासाठी माणूस चाळीस वर्षं बाहेर राहिला, त्या देशाच्या दारात त्याला आधी अर्ज करावा लागला. मेक्सिकोत मका पिकवणाऱ्या या वऱ्हाडी माणसाचं नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे?

आता १९६७ हेच वर्ष धरून ठेवा, कारण खरी कलाटणी त्याच वर्षी आहे.

स्वातंत्र्यानंतरची वीस वर्षं भारतात पासपोर्ट हा तुमचा हक्क नव्हता. सरकारची मर्जी होती. दिला तर दिला, परत मागितला तर द्यायचा, कारण विचारायचं नाही. सतवंत सिंग साहनी नावाचे एक व्यापारी होते, मोटारींच्या सुट्या भागांच्या आयात-निर्यातीत. त्यांना पासपोर्ट परत करायला सांगितलं गेलं. ते सुप्रीम कोर्टात गेले. १० एप्रिल १९६७ ला पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला, तीन विरुद्ध दोन. परदेशी जाणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्याशिवाय सरकारला ते हिरावता येणार नाही, असं सरन्यायाधीश सुब्बा राव आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचं मत पडलं. विरोधात मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती हिदायतुल्ला होते, आपल्या नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश. एका मतानं हे ठरलं, राजेहो. एका मतानं.

त्यानंतर सरकारला घाईनं कायदा करावा लागला. २४ जून १९६७ चा पासपोर्ट ॲक्ट. आजही तुमचा अर्ज त्याच कायद्याखाली चालतो. पासपोर्ट नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि अपील करता येतं. अपवाद आहेत, पण नियम हा आहे. १९७८ मध्ये मनेका गांधींच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की नुसता कायदा असून चालणार नाही, त्याची पद्धत न्याय्य आणि रास्त असली पाहिजे. तोही खटला पासपोर्ट जप्त केल्याचाच होता. आपल्या स्वातंत्र्याचे मोठे निकाल या छोट्या निळ्या पुस्तिकेवरून लागले आहेत.

मग आता सगळं बरोबरीचं झालं का? इथं जरा थांबू.

१९८३ मध्ये इमिग्रेशन नव्हे, 'एमिग्रेशन' ॲक्ट आला. म्हणजे कामासाठी देश सोडून जाणाऱ्यांचा कायदा. तो लागू झाला ३० डिसेंबर १९८३ ला. आपल्या तहाची तारीख, बरोबर १८० वर्षांनी. योगायोग आहे, पण आपल्या गावासाठी लक्षात ठेवायला सोपा. या कायद्यामुळं पासपोर्टांचे दोन प्रकार पडले. दहावी झालेल्यांना आणि आणखी काही गटांना बाहेर कामाला जाताना वेगळी मंजुरी लागत नाही. बाकीच्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असं येतं. त्यांना ठरावीक १८ देशांत कामाला जायचं असेल तर सरकारची मंजुरी घ्यावी लागते. यादीत सौदी, दुबईवाली अमिरात, कतार, कुवेत आहेत. आणि थायलंड, मलेशिया, इंडोनेशियासुद्धा आहेत. म्हणजे तुमचं फुकेत आणि तुमचं बाली.

हेतू वाईट नाही. एजंट लोक गरिबाला फसवतात, तिथं पासपोर्ट काढून घेतात, म्हणून ही राखण. पण तोच देश एकाला सुट्टीचा आणि दुसऱ्याला मंजुरीचा, आणि मधली रेघ दहावीची. जानेवारी २०१८ मध्ये सरकारनं जाहीर केलं की ईसीआरवाल्यांच्या पासपोर्टचं कव्हर नारिंगी करायचं. म्हणजे विमानतळावर लांबूनच कळावं, हा कमी शिकलेला. खूप टीका झाली आणि त्याच महिन्यात, ३० जानेवारीला, तो निर्णय मागं घेतला गेला. मला या ठिकाणी मॉरिशसचे ते फोटोवाले पास आठवतात. राखण करायची असेल तर ती फसवणाऱ्या एजंटाची करा. मजुराच्या कपाळावर रंग कशाला?

बरं, आता यादी. वही काढा.

एक. दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र अर्जाला जोडा. कारण आत्ताच ऐकलं. घरात आई-बाबा, काका-काकू दहावी झालेले असतील तर त्यांचंही शोधून ठेवा.

दोन. नाव. आपल्याकडं शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना वेगळा असतो. सगळ्या कागदांवर इंग्रजी स्पेलिंग एकसारखं आहे का ते अर्जाआधी बघा, नसेल तर आधी तेच दुरुस्त करा. विमानाचं तिकीट काढताना पासपोर्टवर आहे तेच नाव, अक्षराला अक्षर.

तीन. अर्ज ऑनलाइन, मग दिलेल्या वेळी केंद्रावर जायचं. विदर्भ नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. मोठ्या माणसाच्या ३६ पानी पासपोर्टची साधी फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्तीचे. मुदत १० वर्षं. नंतर पोलीस पडताळणी होते, तेव्हा दिलेल्या पत्त्यावर हजर राहा.

चार. मुदत. बरेच देश प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. पाच महिन्यांवर आलेला पासपोर्ट घेऊन विमानतळावर जाऊ नका.

पाच. मॉरिशस भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा मागत नाही, तिथं उतरल्यावर प्रवेश देतं. पण परतीचं तिकीट, राहायचं बुकिंग आणि खर्चाची सोय दाखवावी लागते. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढायच्या आधी त्या देशाची सरकारी वेबसाइट उघडा. रीलवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको.

आणि मॉरिशसला पोचलात तर एक दिवस बीच सोडून पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर जा. मोका गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथं गिरमिटियांच्या त्या नोंदी, ते फोटो जपून ठेवले आहेत. तिथले लोक आजही पणजोबाचं नाव, नंबर शोधायला येतात. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथं गेल्या होत्या. मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड, म्हणजे भारताचं परदेशस्थ नागरिकत्व कार्ड, मिळू शकेल असं त्यांनी जाहीर केलं. ते मिळवायचं तर पूर्वज भारतातून आला हे दाखवावं लागतं. आणि पुरावा म्हणून कामाला येतात त्याच मळ्याच्या काळातल्या नोंदी. पणजोबाला ज्या दप्तरानं जखडलं, त्याच दप्तराच्या आधारानं पणतू भारतात येतो.

म्हणून म्हणतो, फिरायला जायचा बेत पक्का नसला तरी पासपोर्ट काढून ठेवा. हा हक्क आपल्याला १९६७ मध्ये एका मतानं मिळाला आहे. पोरींनो, तुम्ही तर नक्कीच काढा, लग्नाच्या आधी, स्वतःच्या नावानं.

हा भाग गावातल्या त्या एका मित्राला पाठवा ज्याचा अर्ज तीन वर्षांपासून 'उद्या भरतो' मध्ये अडकला आहे. भेटू पुढच्या भागात. राम राम, जय भीम, सलाम!